भुताची साक्ष आणि पोलिसाची टिपणवही

गुप्तहेरकथेत भूत नको, असा एके काळी नियमच होता. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली गुप्तहेरकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतला दुसरा असा की, अतिमानुष शक्तींना कथेत मुळीच थारा देऊ नये. तिसऱ्या नियमाने गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त असू नये. नॉक्स हा व्यवसायाने कॅथलिक धर्मगुरू होता. धर्मगुरूनेच अतिमानुषाला दाराबाहेर उभे करावे याची गंमत वाटते. पण कारण उघड आहे. गुप्तहेरकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला एक करार असतो. खून झाला, खोली आतून बंद होती, तर मग खुनी बाहेर कसा गेला? वाचक तीनशे पाने डोके खाजवतो आणि शेवटी लेखक जर म्हणाला की खुनी मंत्र म्हणून भिंतीतून गेला, तर वाचकाने पुस्तक फेकून दिल्यास त्याला दोष देता येणार नाही. कॉनन डॉइल उत्तरायुष्यात परलोकविद्येचा कट्टर प्रचारक झाला, पण होम्सच्या उंबरठ्यावर त्याने भुताला पाऊल ठेवू दिले नाही. ससेक्समधील रक्तपिपासू स्त्रीची १९२४ सालची कथा पाहा. शेवटी सगळा उलगडा घरगुतीच निघतो. आपल्याकडेही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा एका कपाटात आणि नारायण धारपांची भुते दुसऱ्या कपाटात, अशीच वाचकांनी वाटणी केलेली आहे.

असे असताना पोलीस आणि जादू या दोघांना एकाच कादंबरीत बसवणे म्हणजे विळा आणि भोपळा एका टोपलीत ठेवणे. बेन आरोनोव्हिच या लेखकाने ते २०११ साली ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ या कादंबरीत केले. अमेरिकेत हीच कादंबरी ‘मिडनाइट रायट’ या नावाने निघाली. लेखकाने १९८८ आणि १९८९ साली ‘डॉक्टर हू’ या दूरदर्शन मालिकेसाठी दोन कथानके लिहिली होती, आणि ही कादंबरी लिहिताना तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागातल्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी करीत होता. कादंबरीतला पहिला खूनही कॉव्हेंट गार्डनमध्येच पडतो. दुपारच्या सुटीत माणूस काय विचार करीत असेल, सांगता येत नाही!

हे पुस्तक माझ्या हाती दिले ते आमच्या कन्नड विभागातील एका सहकाऱ्यांनी. मी वर्गात इंग्रजी कादंबरी शिकवतो, तेव्हा हे ‘हलके’ पुस्तक घेताना थोडा आढ्यतेने हसलो असेन. दोन रात्रींत ते वाचून संपवले आणि नंतर पेन्सिल घेऊन पुन्हा वाचले. दुसऱ्या वाचनात जे दिसले त्याविषयी लिहितो आहे.

पीटर ग्रँट हा लंडनच्या महानगर पोलीस दलातला अगदी नवा शिपाई. उमेदवारीची दोन वर्षे संपत आलेली. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत, मध्यरात्रीनंतर, सेंट पॉल्स चर्चच्या दर्शनी खांबांसमोर एक प्रेत सापडते. धड एकीकडे आणि शिर दुसरीकडे. (हे चर्च म्हणजे प्रसिद्ध सेंट पॉल्स कॅथीड्रल नव्हे, हे इनिगो जोन्सने बांधलेले, नटांचे चर्च म्हणून ओळखले जाणारे छोटे देऊळ.) जागेवर पहारा करायला पीटर आणि त्याची सहकारी लेस्ली मे यांना उभे केले जाते. लेस्ली कॉफी आणायला जाते, आणि तेवढ्यात खांबाआडून एक इसम पुढे येतो. आपण खून होताना पाहिला असे तो सांगतो. पीटर नियमाप्रमाणे टिपणवही काढतो, नाव विचारतो, आणि मग त्याच्या लक्षात येते की साक्षीदार मेलेला आहे. तोही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी.

आता येथे कुठल्याही भयकथेतला नायक किंचाळला असता, नाहीतर रामनाम घेतले असते. पीटर जबानी लिहून घेतो. सगळी कादंबरी या एका कृतीत आहे असे मला वाटते. भूत खरे की खोटे हा प्रश्न तो तूर्त बाजूला ठेवतो. साक्षीदार काय म्हणाला, ते त्याला कुठून दिसले, तेवढ्या उजेडात ते दिसणे शक्य होते काय, हे प्रश्न आधी. दुसऱ्या रात्री तो भुताला पुन्हा शोधायला जातो, कारण अर्धवट जबानी वरिष्ठांपुढे कशी न्यायची? तेथे त्याला एक रुबाबदार गृहस्थ भेटतात आणि येथे काय चालले आहे म्हणून विचारतात. पीटर खरे ते सांगून टाकतो. हे गृहस्थ म्हणजे डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर थॉमस नाइटिंगेल, इंग्लंडमधले शेवटचे सरकारमान्य जादूगार. पीटरची बदली खरे तर कागदपत्रे तयार करणाऱ्या एका कंटाळवाण्या विभागात व्हायची होती. तिच्याऐवजी तो नाइटिंगेलांचा शिष्य होतो.

‘विझर्ड’ला मराठीत काय म्हणावे यावर मी बराच अडलो. ‘मांत्रिक’ म्हटले की लिंबू, बिब्बा, अमावस्या आणि एखाद्या गरिबाचे लुबाडलेले पैसे डोळ्यांपुढे येतात. ‘जादूगार’ म्हटले की टोपीतून ससा काढणारा. नाइटिंगेल या दोन्हींपैकी कोणीच नाहीत. त्यांची जादू ही एक विद्या आहे, पाठ्यपुस्तक असलेली, आणि ते पाठ्यपुस्तक, कादंबरीच्या म्हणण्याप्रमाणे, सर आयझॅक न्यूटनने लिहिलेले आहे. गुरुत्वाकर्षण सांगून झाल्यावर न्यूटनने जादूचेही नियम शोधून लॅटिनमध्ये मांडले, अशी ही कल्पना.

कल्पना म्हणून ही फार हुशारीची आहे, कारण ती निव्वळ हवेतली नाही. खऱ्या न्यूटनने किमयेवर, म्हणजे हलक्या धातूचे सोने करण्याच्या विद्येवर, आयुष्यभर ढीगभर टिपणे काढली. ती टिपणे १९३६ साली लंडनला लिलावात निघाली तेव्हा अर्थशास्त्रज्ञ केन्सने त्यांतली पुष्कळशी विकत घेतली, वाचली, आणि न्यूटन हा विवेकयुगाचा पहिला माणूस नसून जादूगारांतला शेवटचा होता असे मत मांडले. आणि न्यूटनचे पोलिसी कामही खरेच आहे! १६९६ साली तो सरकारी टांकसाळीचा अधिकारी झाला. खोटी नाणी पाडणाऱ्यांना पकडणे हे त्या जागेबरोबर आलेले काम. दुसरा कोणी असता तर त्याने ते कारकुनांवर सोडले असते. न्यूटनने स्वतः खबऱ्यांना पैसे दिले, साक्षी घेतल्या, तुरुंगांत जाऊन कैद्यांचे जबाब लिहून घेतले. विल्यम चॅलोनर नावाच्या अट्टल नाणेचोराचा त्याने वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला आणि १६९९ च्या मार्चमध्ये त्याला टायबर्न येथे फासावर चढवले. प्रकृतीचे नियम शोधणारा आणि गुन्हेगाराविरुद्ध पुरावा गोळा करणारा, हे दोघे एकाच अंगरख्यात राहत होते. जादूगार-पोलिसांच्या परंपरेचा मूळपुरुष म्हणून याहून योग्य माणूस कोणाला सापडला असता?

नियम आले की किंमत आली. या कादंबरीतली जादू फुकट नाही. तळहातावर नुसता उजेडाचा गोळा उमटवायला पीटरला आठवडेच्या आठवडे घोकंपट्टी करावी लागते. मनात एक विशिष्ट आकार धरायचा, त्याला लॅटिन शब्दाची खूण जोडायची आणि तो आकार मनातून निसटू द्यायचा नाही. संगीत शिकणाऱ्याला सूर पकडण्याचे जे कष्ट पडतात त्याच जातीचे हे. अतिरेक केला तर मेंदूला इजा होते, आणि ती शवविच्छेदनात डॉक्टरला डोळ्यांनी दिसते. जादूच्या जवळपास चालू असलेल्या मोबाइल फोनच्या आतील चकतीची रेती होते. नाइटिंगेल जुन्या पिढीचे. ‘असे होते खरे’ म्हणून ते सोडून देतात. पीटर सोडत नाही. का होते, किती अंतरावर होते, यंत्र बंद असेल तरी होते काय, असे प्रयोग करून तो शेवटी फोनमध्ये विजेचा प्रवाह तोडणारे बटन बसवून घेतो. गुरूला माहीत नसलेले शिष्याने प्रयोगाने शोधावे आणि गुरूने त्यावर रागावू नये, हे दृश्य आपल्याकडच्या वर्गांतून दुर्मिळ झाले आहे एवढेच म्हणतो.

जादू घडली की त्या जागी तिची एक खूण मागे राहते, अशीही येथे व्यवस्था आहे. वासासारखी, एखाद्या आवाजाच्या आठवणीसारखी. दगडात ती पुष्कळ काळ टिकते. ती ओळखायला शिकणे म्हणजे स्वतःच्या मनात सहज येणारे तरंग आणि बाहेरून आलेली खूण यांतला फरक करायला शिकणे. हे शिक्षण पीटरला शवागारात, प्रेतावर वाकून घ्यावे लागते. म्हणजे जादू ही येथे पुरावा नाहीसा करणारी गोष्ट नाही. तीच एक पुरावा मागे ठेवते. नॉक्सचा नियम मोडूनही नॉक्सचा करार पाळला जातो तो असा. जादूचे नियम वाचकाला आधी सांगितले तर जादू असूनही फसवणूक होत नाही, हे रँडल गॅरेट या अमेरिकन लेखकाने लॉर्ड डार्सीच्या कथांतून १९६० च्या दशकातच दाखवले होते. पण गॅरेटचे जग काल्पनिक इतिहासातले आहे. आरोनोव्हिचने तोच खेळ आजच्या पोलीस ठाण्यात मांडला.

आणि पोलीस ठाणे अगदी खरे आहे. ब्रिटिश पोलिसांत ‘होम्स’ नावाची एक संगणकव्यवस्था आहे. नाव गुप्तहेरावरून जुळवलेले असले तरी तिचा जन्म एका नामुष्कीतून झाला. तेरा स्त्रियांचा खून करणारा पीटर सटक्लिफ १९८१ साली पकडला गेला, तेव्हा उघड झाले की तपास चालू असताना पोलिसांनी त्याची नऊ वेळा विचारपूस करून त्याला सोडून दिले होते. माहिती कार्डांवर लिहिलेली, कार्डे ढिगांनी, आणि एका ढिगाचा दुसऱ्याला पत्ता नाही! त्यानंतर मोठ्या तपासातील प्रत्येक जबाब एका जागी नोंदवण्याची ही व्यवस्था १९८० च्या दशकाच्या मध्यास आली. पीटर ग्रँट याच व्यवस्थेत मुकाट्याने माहिती भरत बसतो. रस्त्यावर कोणाला अडवून झडती घ्यायची तर कुठल्या अटी पाळायच्या, आरोपीला कोणती समज द्यायची, हे सारे १९८४ च्या कायद्याने बांधलेले आहे आणि ते पीटरच्या रक्तात भिनले आहे. अडचण एकच. या सगळ्या रकान्यांत ‘भूत’ असा रकाना नाही. मग जे खरोखर घडले ते आणि जे कागदावर लिहिता येईल ते, या दोहोंच्या मध्ये पीटरची आणि त्याच्या वरिष्ठांची जी ओढाताण होते तिच्यातून पुस्तकातला बराचसा विनोद निघतो. सरकारी कचेरीत ज्यांनी कधी एखादा अर्ज भरला आहे त्यांना तो विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

गुन्हेगार कोण हे मी सांगणार नाही. पण एवढे सांगायला हरकत नाही की लंडनमध्ये साधी, सज्जन माणसे एकाएकी भयंकर हिंसा करू लागतात, आणि त्या हिंसेला ‘पंच आणि ज्युडी’ या बाहुल्यांच्या खेळाचा साचा आहे असे पीटरच्या ध्यानात येते. हा पंच म्हणजे पोपटनाक्या, कुबड्या, हाती दांडके घेतलेला बाहुला. तो तान्हे मूल खिडकीतून फेकतो, बायकोला मारतो, शिपायाला मारतो, शेवटी फाशी देणाऱ्यालाच फासावर लटकवतो, आणि पोरे टाळ्या पिटतात. (आपल्याकडे पंचनाम्याला पंच लागतात, येथे पंचाचाच पंचनामा करायची पाळी येते.) इंग्लंडमध्ये या बाहुल्याचा खेळ पाहिल्याची पहिली नोंद सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत, १६६२ च्या मे महिन्यातली आहे आणि ती कॉव्हेंट गार्डनचीच आहे. त्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर बो स्ट्रीट. तेथे १७४९ साली कादंबरीकार आणि न्यायाधीश हेन्री फील्डिंगने चोर पकडणाऱ्यांची पगारी तुकडी उभी केली. लंडनच्या संघटित पोलिसांची ती पहिली पायरी. महानगर पोलीस दल त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १८२९ साली आले. म्हणजे दंगेखोर पंच आणि त्याला पकडणारा शिपाई हे एकाच मोहल्ल्यात जन्मलेले शेजारी. लेखक त्याच मोहल्ल्यात नोकरीला जात होता हे लक्षात घेतले की कथानक त्याला कुठे सापडले असेल याचा अंदाज बांधता येतो.

खुनाची कथा अशी चालू असताना तिच्या जोडीने दुसरी एक कथा वाहते, आणि पुस्तकाला नाव तिनेच दिले आहे. लंडनच्या नद्या येथे देहधारी आहेत. आपल्याला याचे नवल वाटत नाही. वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो तेव्हा नदीला लुगडे-चोळी नेसवतातच. फरक एवढाच की आपल्याकडे नदी बाई, आणि ब्रह्मपुत्रा किंवा शोण यांच्यासारखा एखादाच नद पुरुष. इंग्रजांचा थेम्स मात्र पिता. कादंबरीत तो म्हातारा थेम्स लंडन सोडून उगमाकडे निघून गेला आहे. का? तर १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. मग बॅझलजेट नावाच्या अभियंत्याने शहराखाली गटारांचे प्रचंड जाळे बांधले. फ्लीट नदी तर त्याआधीच्या शतकात झाकली गेली होती. आज ती फॅरिंग्डन स्ट्रीटच्या खालून, कोणाला न दिसता वाहते. टायबर्नचेही तेच. ज्या शहराने आपल्याला गटार केले त्याचे तोंड पाहणार नाही, असा म्हाताऱ्याचा बाणा.

त्याने सोडलेली जागा कोणी घेतली? १९५० च्या दशकात नायजेरियातून नर्सिंग शिकायला आलेल्या, एकाकी पडलेल्या एका तरुणीने. ती जीव द्यायला पुलावर गेली आणि नदीने तिला आपलेसे केले. आता ती माता थेम्स आहे. वॉपिंगला खाडीकाठी तिचा दरबार भरतो आणि शहराच्या झाकलेल्या, विसरलेल्या लहान नद्या तिच्या मुली झाल्या आहेत. फ्लीट, एफ्रा, बेव्हर्ली ब्रूक. टायबर्न तर उच्चभ्रू वस्तीत राहते, सरकारदरबारी तिचे वजन आहे आणि पीटरच्या खात्याविषयी तिचे मत वाईट आहे. म्हातारा म्हणतो नदी माझी, मी हजारो वर्षांचा. ती म्हणते, संकटात तुम्ही पळून गेलात. येथे राहून निस्तरले कोणी? टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत भरतीचे पाणी चढते, त्यावर चढत नाही; तीच दोघांच्या राज्यांची सीमा. सीमेवरून पोलिसांपर्यंत गेलेल्या या भांडणाचा निवाडा नव्या शिपायावर सोपवला जातो. शहर कोणाचे, आधी आलेल्याचे की राहिलेल्याचे, या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्या भागातल्या सभांतून इतक्या वेळा ऐकले आहे की मी ही प्रकरणे वाचताना थोडा सावध होतो. लेखकाने कोणाच्याही पारड्यात वजन टाकलेले नाही. पीटर कोणाचा हक्क खरा हे ठरवत नाही. शांतता राहील असा जुन्या पद्धतीचा एक तोडगा काढतो. तो कसा, हे वाचणाऱ्याने शोधावे. पुस्तकातला सर्वांत चांगला भाग तो आहे.

याच प्रकरणांत एक बारकावा आहे तो सहज सुटून जाईल. माता थेम्सच्या घरी पीटर चहाबिस्किटालाही हात लावत नाही. ‘हे खाल्ल्याने तुझ्यावर कसलेही बंधन येणार नाही’ असे तिने म्हणेपर्यंत थांबतो. इंग्रजी वाचकाला हे परीकथेतले वाटेल. ‘ज्याचे मीठ खावे’ हे ज्या भाषेत सहज बोलले जाते त्या वाचकाला हे सरळ कळते. आणि ते पोलिसालाही लागू आहे! ठाण्याच्या अधिकाऱ्याने कोणाच्या घरचा चहा घ्यावा आणि कोणाचा घेऊ नये, हा प्रश्न केवळ लंडनचा नाही.

एका विद्यार्थिनीने मला विचारले की, सर, जादू खरी मानणारे पुस्तक आपण वाचायला का सांगता? तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. आपण ज्या भागात राहतो त्याच्या दोन्ही बाजूंना या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजली गेली आहे. अंधश्रद्धेविरुद्ध उभी हयात घालवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. डॉ. एम. एम. कलबुर्गींचा ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला, त्यांच्या घराच्या दारात. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात वर्षानुवर्षे रेंगाळला होता. दाभोलकरांच्या खुनाच्या आठवड्यातच वटहुकूम निघाला आणि वर्ष संपता संपता कायदा झाला. कर्नाटकाने २०१७ साली कायदा केला, तो २०२० मध्ये अमलात आला.

या कायद्यांचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. जादू खरी आहे असे ते कोठेही धरून चालत नाहीत. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, लुबाडणे, भानामतीच्या नावाने कोणाचा छळ करणे, हा गुन्हा. इंग्लंडने हीच दिशा १७३५ साली घेतली होती. त्याआधी चेटूक हाच गुन्हा होता आणि त्यासाठी देहान्त शिक्षा होती. १७३५ च्या कायद्याने चेटूक करण्याचा बहाणा हा गुन्हा ठरला. त्याच कायद्याखाली १९४४ साली, ऐन महायुद्धात, मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या हेलन डंकन या बाईला नऊ महिन्यांची कैद झाली. १९५१ मध्ये त्या कायद्याची जागा लबाड माध्यमांविरुद्धच्या कायद्याने घेतली आणि तोही २००८ साली रद्द होऊन हा विषय ग्राहकसंरक्षणाच्या नियमांत गेला. म्हणजे पीटर ग्रँट भुताची जबानी घेतो त्या काळी इंग्लंडच्या कायद्याच्या लेखी जादू ही सदोष मालाच्या पंगतीला बसलेली होती! महाराष्ट्राच्या कायद्यात ‘दक्षता अधिकारी’ अशी एक तरतूद आहे. पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला हा अधिकारी जादूटोण्याच्या प्रकारांवर लक्ष ठेवील. नाइटिंगेलांचे पद कादंबरीतले. हे आपले पद खरे आहे, आणि काम नेमके उलट.

विद्यार्थिनीला मी दिलेले उत्तर असे. बुवाचे पहिले वाक्य असते, शंका घेऊ नका. पीटर ग्रँट शंकेखेरीज दुसरे काही घेतच नाही. गुरूने सांगितले म्हणून तो मानत नाही, मोजून पाहतो. तो पैसे मागत नाही, भीती घालत नाही, आणि जे पाहिले ते लिहून ठेवतो म्हणजे उद्या दुसऱ्याला तपासता यावे. जादू ही त्या कथेतली मानलेली गोष्ट. वागण्याची रीत मात्र प्रयोगशाळेची. या उत्तराने तिचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि पुस्तक वाचून ती परत आली ती थेट एका प्रकरणावर बोट ठेवूनच. लंडनच्या दक्षिणेला पर्ली येथे एका घराच्या तळघरात रक्तपिपासू आहेत असे कळल्यावर नाइटिंगेल आणि पीटर तेथे जाऊन पेटते बाँब टाकून त्यांना जाळतात. वॉरंट नाही, आरोपपत्र नाही, न्यायाधीश नाही. ते माणसे नव्हेत असे ठरवले कोणी? नाइटिंगेलांनी. मुलीचे म्हणणे असे की आपल्याकडे बाईला चेटकीण ठरवून मारतात तेव्हा तेही हेच म्हणतात.

हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. टिपणवहीवर इतका विश्वास असलेले पुस्तक त्या प्रकरणात वही मिटून खिशात घालते. लेखकाला याची जाणीव आहे, कारण मालिकेच्या पुढच्या पुस्तकांतून जादू करणाऱ्या गुन्हेगाराला कायदेशीर रीतीने पकडायचे कसे, कोठडीत ठेवायचे कसे, या प्रश्नांनी पीटर सतत बेजार असतो. या पहिल्या पुस्तकात मात्र तो प्रसंग तसाच राहिला आहे. निवेदक पोलीस आहे आणि त्याची आई सिएरा लिओनमधून आलेली आहे, हे ध्यानात घेतले तर ही उणीव अधिकच बोचते. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णी तरुणाचा १९९३ साली लंडनमध्ये खून झाला. पोलिसांनी तो तपास इतका वाईट केला की १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने महानगर पोलीस दलात वंशद्वेष संस्थेच्या हाडीमाशी भिनलेला असल्याचे नमूद केले. त्या दलाच्या गणवेशात असा नायक उभा करणे हा लेखकाचा विचारपूर्वक केलेला निर्णय दिसतो. नॉक्सच्या दहा नियमांत एक असाही होता की कथेत चिनी माणूस नको. त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत गूढ परदेशी दिसला की तोच खलनायक ठरत असे, त्यावरचा हा उपाय. येथे परदेशी रक्ताचा माणूसच तपास करतो आहे.

बाकीचे दोष लहान आहेत. नाइटिंगेल पुस्तकाच्या बऱ्याच भागात कथेबाहेर जाऊन पडतात आणि ते नसताना रंग उतरतो. शेवटचा दंगा घाईत उरकलेला आहे. नद्यांची कथा आणि खुनाची कथा यांचा सांधा मला तरी नीट जुळलेला दिसला नाही. आणि पीटर कोणतीही स्त्री समोर आली की तिच्या रूपाची नोंद जरा जास्तच तपशिलाने करतो. पोलिसी सवय म्हणून एकदा सोडून देता येते, पाचव्यांदा नाही.

वाचू इच्छिणाऱ्यांसाठी दोन सूचना. भाषा बोलीतली, लंडनच्या रस्त्यावरची आहे, त्यामुळे पहिली तीसेक पाने अडखळायला होईल; शब्दकोश बाजूला ठेवून पुढे जावे, कान लवकर सरावतो. आणि लंडनचा नकाशा जवळ असू द्यावा. कॉव्हेंट गार्डन, बो स्ट्रीट, नाइटिंगेलांचा वाडा आहे तो रसेल स्क्वेअर, ही स्थळे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. झाकलेल्या नद्या नकाशावर दिसणार नाहीत. बेव्हर्ली ब्रूक तेवढी उघडी आहे. रिचमंड पार्कातून वाहत येते आणि पटनीजवळ थेम्सला मिळते. तिच्यावर बोट ठेवून मग पीटरची आणि बेव्हर्लीची पहिली भेट वाचावी.